धोंड्याच्या वाणातली बॅटरी

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो, नाहीतर आमची ही सांगेल, आणि ती मीठमसाला लावून सांगते. सासुरवाडीत भर पंगतीत मी स्वतःचा असा काही पोपट करून घेतला, की आता काय सांगू तुम्हाला!

त्याचं मूळ म्हणजे माझा साडू, उमाकांत. माणूस वाईट नाही हो! हाच तर त्रास आहे. मी थोरला जावई, पाटोद्यात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. हा धाकला, औरंगाबादला कंपनीत. पण दिंद्रुडला सासऱ्यांच्या घरी पाऊल टाकलं, की "उमाकांतराव आले का? उमाकांतरावांना चहा द्या." आणि मी? मी काय भिंत सारवायला आलेलो असायचो? जळायचो मी. उघड सांगतो, आतून पार कोळसा व्हायचो.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. दोन्ही जावयांना बोलावणं. तेव्हा लोडशेडिंगचा कहर होता, आणि त्या चिनी एलईडी बॅटऱ्या बाजारात नुकत्याच उतरल्या होत्या. पिवळा बल्ब नाही, पुढं पांढरे दाणे. आपल्याकडं टॉर्चला कोण टॉर्च म्हणतो, बॅटरीच.

सासऱ्यांनी अनारशांच्या ताटात दिव्याशेजारी दोघांसाठी खोक्यासकट एकेक बॅटरी ठेवली. म्हणाले, "जावयाला दिवा द्यायची रीत हाय ना? मंग ह्यो बी दिवाच. बिनतेलाचा!"

सासऱ्यांचं भांड्याचं दुकान. त्यांच्या घरात नाव न घातलेला चमचासुद्धा सापडायचा नाही. बॅटऱ्यांनाही त्यांनी मशीननं नावं घातली होती, काचेभोवतीच्या कड्यावर. माझ्या कड्यावर 'वैजनाथ', त्याच्या कड्यावर 'उमाकांत'.

उमाकांतनं खोकं टराटरा फाडलं. मी? मी अलगद उघडलं. आपल्या घरी फ्रिजवरचं स्टिकर अजून आहे, टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे, लुनाच्या सीटवर कंपनीचं प्लास्टिक आहे. वस्तू नवी राहिली पाहिजे, हा आपला बाणा.

संध्याकाळी लाईट गेली. उमाकांतनं अंगणातून बॅटरी मारली, तर समोरच्या लिंबावरची पाखरं उठली! मग मी मारली. लिंब राहू द्या, मला माझ्याच चपला दिसेनात. धुक्यात कंदील धरल्यासारखा उजेड.

आमची ही म्हणाली, "अवो, तुमच्या ब्याटरीला कावीळ झाली का काय?"

सगळे हसले. उमाकांतही हसला, आणि हसता हसता त्याच्या हातून त्याची बॅटरी धुण्याच्या दगडावर पडली. मला इतकं बरं वाटलं! पण मेली पडूनही तशीच झगझगीत.

सकाळी उमाकांत आंघोळीला गेला, तशा मी दोन्ही बॅटऱ्या घेतल्या आणि भांड्यांच्या कोठीत शिरलो. तिथं दिवसाही मिट्ट अंधार. सरळ बॅटरीच बदलली असती, पण कड्यावर नाव! म्हटलं, हरकत नाही. माझी बॅटरी दुरुस्त करायची, आणि सुटे भाग उमाकांतचे.

आधी सेल बदलले. त्याचे मला, माझे त्याला. लावून बघतो तर माझी मंदच, आणि माझे सेल घालून त्याची लख्ख!

बरं. मग दाण्यांची चकती बदलली. माझी मंद, त्याची लख्ख!

आता माझं डोकंच फिरलं. मागचं बटण बदललं, स्प्रिंग बदलली, शेवटी अख्खी नळी बदलली. घामानं निथळलो. माझ्या हातात आता उमाकांतची सगळी बॅटरी होती, फक्त कडं आणि काच माझी. तरी माझी मंद!

मग राहिलं काय? काच! दारातल्या उजेडात निरखून बघितली, तर माझी काच दुधी आणि त्याची पाण्यासारखी नितळ. अस्सं! म्हणजे थोरल्याला दुधी काच आणि धाकल्याला साफ? पोटात असा भडका उडाला, की ती कोठी बिनबॅटरीची उजळली असती.

संध्याकाळी धोंड्याचं जेवण. पाट मांडलेले, पुरणाचे धोंडे वाढलेले, भाऊबंद जमलेले. मी पाटावर बसेचना!

सासू घाबरली. "काय झालं वो पाव्हणं? आमचं काय चुकलं का?"

"मी जेवणार न्हाई," मी म्हणालो. "जावई जावई म्हणता आन् दुजाभाव करता! त्यास्नी साफ काच, मला दुधी. कावून? थोरला हाय म्हणून?"

सासऱ्यांचा चेहरा उतरला. हात जोडायला लागले बिचारे. "वैजनाथराव, एकाच डब्यातल्या दोन्ही ब्याटऱ्या हायत हो. आईची आण."

"मग हे काय?" म्हणून मी बॅटरी पुढं धरली.

उमाकांतनं ती घेतली, काचेच्या कडेला नख लावलं आणि हळूच ओढलं. चर्र... आवाज करत प्लास्टिकचा पातळ गोल कागद निघून आला. त्यानं बटण दाबलं. आढ्यापर्यंत दिवस उगवला, आणि त्या उजेडात सगळ्यांना स्पष्ट दिसलं ते माझं तोंड!

"अण्णा," तो मला गरीब स्वरात म्हणाला, "कंपनी लावून देती. काढायचा असतो."

पंगत अशी हसली की धोंडे ताटातच राहिले. मलाही वाटलं, चला, सुटलो एकदाचे. पण सासरे भांडेवाले ना! बॅटरी हातात घेऊन त्यांनी नळीवरून अंगठा फिरवला.

"पोचा हाय हितं. काल दगडावर पडली ती उमाकांतरावाची. मग पोचा वैजनाथरावाच्या ब्याटरीला कसा काय आला?"

मी पाटावर बसलो. अख्खा धोंडा एकदम तोंडात कोंबला, म्हणजे उत्तर द्यायला नको.

"ऱ्हाऊ द्या मामा," उमाकांत म्हणाला, "दोन्ही सारख्याच की." बघा! तिथंही चांगुलपणा. त्याचाही मला हेवा वाटला.

"न्हाई," सासरे म्हणाले. "ज्याचं त्याला कळाय पायजे." आणि सकाळी दुकानात नेऊन माझ्या हातातल्या त्या पोचा आलेल्या नळीवर त्यांनी ठसठशीत नाव घालून दिलं. 'उमाकांत'.

ती बॅटरी अजून चालते बरं का. दाणे बदलले, बटण बदललं, स्प्रिंग बदलली, सेल तर विचारूच नका. बदलली नाही ती नळी, कारण तसली दुसरी कुठं मिळेना. आणि तो सोललेला गोल कागद? हसू नका, खोक्यात जपून ठेवलाय.

अरे, गेली वाटतं लाईट. थांबा, बसा, कप सांभाळा. आत्ता आतून हाक येईल बघा. कधी म्हणून 'तुमची बॅटरी' म्हणत नाही ही बाई.

"अवो! उमाकांतरावांची ब्याटरी आणा की!"