बेळगाव–निपाणी, दोन रविवार: प्लग-इन घ्यावी की साधी हायब्रिड?

आमची जुनी डिझेल गाडी विकली आणि घरात नव्या गाडीवरून वाद सुरू झाला. बेळगावजवळ सांबऱ्याला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची बदली झाली होती आणि त्याची प्लग-इन हायब्रिड तो आम्हाला द्यायला तयार होता. दुसरीकडे अनगोळची माझी मैत्रीण तिच्या साध्या हायब्रिडवर खूश होती, तशीच नवी घे म्हणत होती. किंमत जवळपास सारखी पडत होती. म्हणून ठरवलं, दोन्ही गाड्या एकेक रविवार मागून घ्यायच्या आणि एकाच रस्त्यावर चालवून बघायच्या. रस्ताही ठरलेलाच होता. निपाणीला आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण एकटी राहते.

ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी: साधी हायब्रिड पेट्रोलवरच चालते, तिची लहान बॅटरी चालता चालता आणि ब्रेक मारताना भरते. प्लग-इनची बॅटरी मोठी असते, ती प्लगला लावून भरायची. ती संपेपर्यंत गाडी विजेवर धावते, मग पेट्रोलवर.

पहिला धडा शनिवारीच मिळाला. बेळगावच्या वडगावात आमच्या घराखाली चार माग आहेत. मी मागाच्या खोलीतल्या प्लगला गाडी लावायला गेले, तर आप्पा आडवे आले.

"त्यो मीटर मागाचा हाय. सवलतीची वीज साड्या विणायला दिलीया, गाडी फिरवायला न्हाय."

त्यांचं बरोबर होतं. गाडी परत सांबऱ्याला नेऊन भरून आणली. ही गाडी घेतलीच, तर जिन्याखाली घरच्या मीटरवरून वेगळा पॉइंट काढावा लागणार होता. तुम्हीही गाडी बघायच्या आधी तुमचा प्लग कुठे आहे ते बघा.

रविवारी सकाळी सातला आप्पा आणि मी निघालो. काकती, वंटमुरीचा चढ, सगळं विजेवर. इंजिनाचा आवाजच नाही. हत्तरगीचा टोल ओलांडला आणि थोड्या वेळात बॅटरी संपली, इंजिन सुरू झालं. धक्का बसला नाही. हायवेचं काम चालू असल्यामुळे वळसे बरेच आहेत, अर्धा तास जास्तीचा धरा. संकेश्वरला मिरची भजी आणि चहा घेतला. तवंदी घाटाच्या उतारावर बॅटरी जराशी भरली, पण निपाणीत पोचेपर्यंत तीही गेली.

आत्याच्या अंगणात पाण्याच्या मोटारीचा जाड प्लग आहे. तिला विचारून गाडी लावली. पूर्ण भरायला चार तास दिसत होते.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी आत्याचे यजमान वारले, तेव्हा आप्पा अर्धा तास बसून परत आले होते. लग्नसराईची ऑर्डर होती. आत्या काही बोलली नाही, पण तेव्हापासून निपाणीची प्रत्येक भेट चहापुरती झाली. त्या दिवशीही कप खाली ठेवून आप्पा उठले.

"चल सुमन."

"चार तास लागतील, आप्पा."

"पेट्रोल हाय की गाडीत!"

"आहे. पण परतीचा घाट विजेवर बघितल्याशिवाय मला ठरवता येणार नाही."

ते चिडून खुर्चीत बसले. आत्या समोर मेथी निवडत होती. पाऊणएक तास गेला. मग मान वर न करता आत्या म्हणाली, "शंकर, त्यादिवशी थांबला न्हाईस रं."

"ऑर्डर होती, आक्का."

"माग एक दिवस बंद ठेवता आलं नसतं?"

"आलं असतं," आप्पा म्हणाले. "तुला तसं कधी बघितलं न्हवतं. मला बघवंना. पळालो मी."

आत्याचे हात थांबले. "मग तसं सांगायचं की. मला वाटलं, तुला साड्या मोठ्या."

"चुकलं माझं, आक्का."

मी उठून आत गेले आणि उगीचच पाण्याचा तांब्या भरला. बाहेर आले तेव्हा आप्पा मेथी निवडत होते, तेही चुकीचं. आत्या देठ परत काढत होती. दुपारी भाकरी, मेथी आणि शेंगाची चटणी जेवून दोनला निघालो. गाडी तोवर भरली होती.

पुढच्या रविवारी साधी हायब्रिड. आदल्या दिवशी काहीच तयारी नाही, किल्ली घेतली आणि निघालो. खडेबाजारच्या गर्दीत इंजिन निम्मा वेळ बंद होतं. वंटमुरीच्या चढाला मात्र ते चांगलंच ओरडलं. डिकी मोठी. प्लग-इनच्या डिकीत बॅटरीमुळे आत्यासाठीचं तांदळाचं पोतं मावलं नसतं.

निपाणीत चहा झाला. या वेळी थांबायला काही कारण नव्हतं. मी आप्पांकडं बघितलं. ते आत्याच्या डगमगणाऱ्या खाटेचा पाय ठोकत बसले होते. चार वाजता मीच निघूया म्हणाले.

"तू जा. मी उद्या यष्टीनं येतो."

"आणि माग?"

"ऱ्हातील की बंद एक दिवस."

शेवटी आम्ही साधी हायब्रिड घेतली. रोजचं जाणं-येणं शहरातल्या शहरात असेल आणि स्वतःचा प्लग असेल, तर प्लग-इन घ्या. आठवडा-आठवडा पेट्रोल पंपाचं तोंड बघावं लागणार नाही. आमचं मुख्य जाणं हायवेचं, तिथं मोठ्या बॅटरीचा फायदा निम्म्या वाटेत संपतो. हिशोबानं निर्णय बरोबर आहे. तरी त्या प्लग-इनचे चार तास मला कुठल्याच रकान्यात घालता आले नाहीत.

आता रविवारी संध्याकाळी मी निपाणीहून एकटीच परत येते. सोमवारी सकाळी आठच्या सुमारास आत्याचा फोन येतो.

"शंकर अजून उठला न्हाय गं. उठवू का?"

चाळीस वर्षं पहाटे पाचला उठणारा माणूस. मी म्हणते, "झोपू दे."