सहा फुटी टाकी आणि अकरा सिक्लिड

रत्नागिरीत शोभेच्या माशांच्या संगोपनाचा शास्त्रशुद्ध पाया आमच्या घरी घातला गेला, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून सांगायला तयार आहे. (अजून कुणी व्यासपीठ दिलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.)

ऐंशी सालानंतरचे ते दिवस. मी तेव्हा इथल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाला जगातल्या प्रत्येक विषयाचं अर्धं ज्ञान असतं. उरलेलं अर्धं ज्या पुस्तकात असतं ते कुणीतरी परत केलेलं नसतं. एका दिवाळीच्या सुट्टीत माशांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या हाती लागलं आणि त्यात मला सिक्लिड भेटला. आफ्रिकेतल्या सरोवरात राहणारा, पिवळाधमक, अंगावर काळे पट्टे, आणि आपल्या दगडाजवळ दुसऱ्याला फिरकू न देणारा. हद्दीवरून इतक्या निष्ठेने भांडणारा जीव रत्नागिरीत नाही तर कुठे रमणार? त्याला इथे आणायचं मी ठरवलं.

दवाखान्यात खुर्च्यांच्या कोपऱ्यात ठेवतात तसली टिचभर काचपेटी मला नको होती. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी. ती ओटीवर अशी बसवायची की दारातून शिरणाऱ्याची पहिली नजर तिच्यावरच पडावी. आलेखकागदावर मी सतरा आराखडे काढले. सतराव्या आराखड्यात प्रत्येक दगडाला क्रमांक होता.

माझी बायको मंदा तो आराखडा बघून म्हणाली, "यात कोण राहणार?"

"सिक्लिड."

"लागतो कसा?"

"अगं, तो खायचा नसतो. बघायचा असतो!"

मंदा माहेरची पालीची. बंदरावरचा मासा तिथे पोचेपर्यंत अर्धा दिवस गेलेला असायचा.

"मासा बघत बसलं की उतरतो," ती म्हणाली आणि आत गेली.

तिचा धाकटा भाऊ सुधीर मुंबईला नोकरीला. मासे तोच आणणार होता, कारण ते फक्त मुंबईत मिळत. पण त्याला भरवसा नव्हता. "भावोजी, हे मासे नाजूक असतात. रत्नागिरीत बांगड्याचं कौतुक, तेही तव्यावर. हे मासे तुमच्याकडे गणपतीपर्यंत जगले तर मी तुमच्या पाया पडेन!"

"चतुर्थीला ये," मी म्हणालो. "आणि कंबर मोकळी करून ये."

तेव्हापासून ही बाब हौसेची राहिली नाही. इभ्रतीची झाली.

आमच्या माजघरामागे एक अंधारी खोली आहे. उन्हाळ्यात तिच्यात आंब्याची आढी लागते, म्हणजे पेंढ्याच्या थरांत हापूस पिकत घालतात. ती खोली मी ताब्यात घेतली. आरे-वारेच्या किनाऱ्यावरून आणलेली चार पोती वाळू, क्रमांक टाकलेले दगड, हवेचा पंप, नळ्या, सतरा आराखडे. दारावर पुठ्ठा लावला : 'मत्स्यविभाग. परवानगीशिवाय आत येऊ नये.' मंदाने तो वाचला आणि ती काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं मी संमती समजलो. लग्नाला नऊ वर्षं झालेल्या माणसाने ही चूक करायला नको होती.

मग पाण्याचा प्रश्न निघाला. या माशांना जड, म्हणजे भरपूर चुना-क्षार असलेलं पाणी लागतं. आमच्या विहिरीचं पाणी रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याने तपासलं आणि चेहरा पाडून सांगितलं, "फारच हलकं आहे हो."

"हलकं आहे म्हणून तर डाळ पटकन शिजते!" मंदा म्हणाली.

"मला डाळ शिजवायची नाही. पाणी जड करायचंय."

"जड करताय ते करा. विहिरीत काही टाकू नका म्हणजे झालं."

पाणी जड करण्याची माझी योजना नऊ पानांची होती. (दहावं पान संदर्भसूचीचं.)

एप्रिलअखेर टाकी तयार झाली. दुकानांची शोकेस बनवणाऱ्या कारागिराने ती घरी येऊन जोडली. आठ दिवस पाण्याने भरून ठेवली. एक थेंब गळला नाही. मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे रिकामी करून कोरडी केली. मे महिन्यातला एक रविवार उद्घाटनासाठी मुक्रर झाला : फीत कापायची आणि पाहुण्यांसमोर दगड, पाणी, मासे या क्रमाने टाकी भरायची. मी एरवी समारंभांची टिंगल करणारा माणूस, पण स्वतःचा समारंभ असला की त्यातला गंभीर आशय दिसू लागतो. हाताने चाळीस निमंत्रणं लिहिली. प्रमुख पाहुणे नाना मास्तर. हे निवृत्त मुख्याध्यापक गावात जे काही उघडेल त्याचं उद्घाटन करायचे. फीत कापायची त्यांची स्वतःची कात्री होती.

नेमका गुरुवारी मला ग्रंथालयाच्या कामाला कोल्हापूरला जावं लागलं. परतलो तो थेट रविवारी सकाळी. एसटी स्टँडवर मुंबईच्या गाडीतून सुधीरही उतरला. हातात वेताची टोपली, टोपलीत हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि पिशव्यांत अकरा सिक्लिड.

"भावोजी, गाडी वाटेत बंद पडली होती. चार तास उशीर झालाय. यांना लवकर पाण्यात सोडा!"

घरी पोचलो तर ओटीवर माणसं मावत नव्हती. टाकीवर मी कोल्हापूरला जाण्यापूर्वीच चादर घातली होती, पुढे लाल फीत. नाना मास्तर उभेच होते. मला बघताच त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"अहो, जरा ऐका," मंदा कानाशी कुजबुजली.

"भाषण चाललंय!"

"पण त्या टाकीत..."

"नंतर, मंदा!"

नाना मास्तर मत्स्यावतारापासून निघाले. पंधरा मिनिटांनी ते दुसऱ्या अवताराशी पोचले, तेव्हा मंदाने पुन्हा माझी बाही ओढली.

"अहो, शुक्रवारी वळीव झाला..."

"चांगलं झालं," मी म्हणालो आणि टाळ्या वाजवल्या.

कात्री चालली. फीत पडली. मी स्वतः, दोन्ही हातांनी, चादर ओढली.

सहा फुटी स्वच्छ काचेमागे तळापासून काठापर्यंत पेंढ्याचे थर होते. प्रत्येक थरात हापूस, देठ वर करून, ओळीने मांडलेले. अख्ख्या ओटीवर आंब्याचा घमघमाट सुटला.

नाना मास्तर मुरलेले वक्ते. त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "पाणी नंतर सोडायचंय का?"

"अगो बाय, ही तर आढी हाय!" आमच्याकडे कामाला येणारी तानूबाई मागून ओरडली, आणि ओटी हसायला लागली ती थांबेना.

मग मंदाने सांगितलं, आणि ते सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. वळवाच्या वाऱ्याने माझ्या सासऱ्यांच्या बागेतले आंबे एका रात्रीत उतरवावे लागले. टेम्पो भरून आंबे दारात आले. आढीची खोली मत्स्यविभागाकडे. "आणि आत जायला परवानगी लागते," मंदा म्हणाली. "परवानगी देणारे कोल्हापुरात!"

"भावोजी," सुधीरचा आवाज बदलला होता, "मासे तोंड वर काढायला लागलेत. पिशवीतली हवा संपली."

मी टोपलीत बघितलं. सहा महिने ज्यांच्यासाठी घर उलटंपालटं केलं ते अकरा जीव पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून घुटमळत होते. एक तर कलला होता. टाकी रिकामी करून, धुऊन, भरायला निम्मा दिवस गेला असता. त्या क्षणी सतरा आराखड्यांपैकी एकही मला आठवेना.

मंदाने माझ्या हातातून टोपली घेतली आणि ती परसात निघाली. विहिरीजवळ आमची जुनी दगडी दोण आहे. धुण्याभांड्याचं पाणी तिच्यात भरून ठेवतात.

"थांब! त्या पाण्याची तपासणी झालेली नाही!" मी मागून धावलो. माझ्यामागे सुधीर, त्याच्यामागे नाना मास्तर कात्रीसकट, आणि त्यांच्यामागे सगळे निमंत्रित.

"पिशवीत मरतायतच," मंदा म्हणाली. "दोणीत मेले तर माझ्यावर घाला." आणि तिने पिशव्या उघडल्या.

मासे बुडाशी गेले आणि दिसेनासे झाले. चाळीस माणसं दोणीभोवती वाकून उभी. दोन मिनिटं काहीच हललं नाही. मग तळातल्या शिंपल्यांतून एक पिवळा पट्टा सुळकन बाहेर आला. दुसरा त्याच्या मागे लागला होता.

"भांडतायत!" मी ओरडलो. आयुष्यात कुणाचं भांडण बघून इतका आनंद मला झालेला नाही.

"जागेवरून भांडतायत म्हणजे राहणार," नाना मास्तरांनी निकाल दिला, आणि चहा झाला.

दुसऱ्या दिवशी मी दोणीतलं पाणी तपासायला दिलं. सहकारी धावतच आला. "अहो, जड आहे! पुस्तकात लिहिलंय तस्सं! केलंत कसं?"

मी केलं नव्हतं. तिसऱ्यांचं कालवण झालं की रिकाम्या शिंपल्या दोणीच्या तळाशी टाकायच्या, म्हणजे पाणी निवळ राहतं, ही माझ्या आईची शिकवण. मंदा ती नऊ वर्षं पाळत होती. माझी दहा पानी योजना ती दर आठवड्याला जेवणानंतर अमलात आणत होती.

श्रावणात एका मादीने खाणं सोडलं. हनुवटीखाली सूज. मी पुस्तक काढून तीन रोगांची निदानं केली आणि तिन्ही असाध्य निघाली. मंदा दोणीवर वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"आजारी नाही ती. तोंडात काहीतरी जपून धरलंय तिने. अंडी असतील."

"तोंडात?"

"मग कुठे ठेवणार? खोल्या तर तुम्ही अडवता."

पुस्तकाच्या पुढच्या पानावर तेच लिहिलं होतं. (त्या पानापर्यंत मी पोचलो नव्हतो.) पंधरवड्याने त्या माउलीने तोंड उघडलं आणि डासाएवढी पिल्लं दोणीभर पांगली.

हिवताप विभागाचा माणूस डासांच्या अळ्या शोधत घरोघर हिंडायचा. दोणीत बघून तो म्हणाला, "एक अळी नाही! उभ्या आळीत असं पाणी नाही." आमच्या मत्स्यप्रकल्पाला मिळालेली एवढीच सरकारी पावती, आणि ती मी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो.

चतुर्थीला सुधीर आला. आधी परसात गेला, मासे मोजायला लागला, चाळिसाच्या पुढे गोंधळला. मग शब्दाला जागून पाया पडायला वळला. मी खुर्चीत सरसावून बसलो, पाय जुळवले, चेहऱ्यावर क्षमाशील भाव आणला. तो माझ्या शेजारून पुढे गेला आणि मंदाच्या पाया पडला.

"ताई, जिंकलीस."

त्या अकरांचा वंश पुढे रत्नागिरीतल्या निदान वीस दोणींत पसरला, आणि प्रत्येक घरी माझंच नाव सांगतात, याचा मला खरोखर अभिमान आहे. ओटीवरची सहा फुटी टाकीही शाबूत आहे. दर मे महिन्यात तिच्यात आढी लागते, आणि कुठला आंबा पिकला ते काचेतून दिसतं म्हणून लोक मुद्दाम बघायला येतात. नाना मास्तरांनी कापलेली फीत मी जपून ठेवली आहे. त्या टाकीत आजपर्यंत एकही मासा गेलेला नाही.