खालचं पाणी

हैबतरावाला बसता येत नसे. जेवतानाही त्याचा एक पाय उठायच्या बेतात असायचा. बायको हौसा म्हणायची, "तुमच्या बुडाखाली इंगळी हाय का वो?"

खांब गावाच्या आतल्या अंगाला त्याची थोडी जमीन. पावसाळ्यात भात, मग उरलेल्या ओलीवर वाल. कोलाडच्या वर कुंडलिका नदीत पर्यटकांसाठी राफ्ट आणि एकट्यानं वल्हवायच्या कयाक आल्या, तेव्हा चाळिशीतल्या हैबतरावानं वल्हं हातात घेतलं आणि काही हंगामांतच तो पुढच्या बोटीचा माणूस झाला. पुढची बोट म्हणजे मान. ती जाईल तिथून बाकीच्यांनी जायचं.

इथलं पाणी सकाळी येतं. वरचं वीजघर सुरू झालं की कोरडे दगड बुडतात, नदी धावू लागते, आणि वीजघर थांबलं की दगड पुन्हा उघडे. पाणी कुणीतरी सोडतं, कुणीतरी बंद करतं. नदी म्हणजे हेच, याबद्दल त्याला कधी शंका आली नाही. त्याला छळायचं ते वेगळंच. रोज त्याच वळणावर बोटी बाहेर काढायच्या. पाहुणे फोटो बघत उभे, बोटी टेम्पोत चढतायत, आणि नदी मात्र पुढे निघालेली. बोलता बोलता कुणी वाक्य अर्धं टाकून उठून जावं, तशी.

राफ्टिंगच्या कॅम्पचे मालक गोपाळकृष्ण सर पेणला शाळेत शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे त्यानं मंगळवारच्या सुट्टीपुरती एक कयाक मागितली.

"कुठं नेणार?"

"समुद्रापर्यंत."

"आणि तिथं काय करणार?"

"बघनार."

सर हसले. "ने. पण बुधवारी मुंबईची कंपनी येतेय, कॅम्प भरलाय. सकाळी तू नसलास तर पुढची बोट सख्याला. मग ती कायमची त्याची. मी त्याला किती दिवस थांबवू?"

सखा शेजारीच लाइफ जॅकेटं वाळत घालत होता. "जा हैबतदादा, निवांत जा. तू हरवावास म्हनून मी नारळ बोललोय."

मंगळवारी ओळखीच्या टेम्पोवाल्यानं त्याला कयाकसकट रोह्यात उतरवलं. सकाळी सुटलेलं पाणी दुपारपर्यंत इथं पोचेल आणि त्याच्या पाठीवर बसून आपण झपाट्यानं जाऊ, असा त्याचा हिशोब. म्हणून तो मुद्दाम दुपारपर्यंत थांबला. मग लगतच्या अष्टमी गावाच्या पुलाखालून निघाला.

पुढची नदी त्याच्या ओळखीची नव्हती. दगड संपले. काठ लांब लांब सरकले, तिवरांच्या गर्द भिंती उभ्या राहिल्या, त्यांच्या मुळांतून चिखल चमकत होता. बगळे हलत नव्हते. आवाज करणारं पाणी त्याला माहीत होतं; हे गप्प पाणी त्याला बघत असल्यासारखं वाटलं. सुंदर होतं सगळं, आणि त्याला थांबून बघवत नव्हतं.

मग बोट जड झाली. तो वल्हवत राहिला, पण शेजारचा फुटका बांध शेजारीच राहिला. बंद केलं वाटतं आज लवकर, तो मनाशी म्हणाला. वल्हं मांडीवर ठेवून पाणी सुटायची वाट बघू लागला. बांध हळूहळू पुढे सरकला. म्हणजे तो स्वतःच मागे चालला होता. नदी रोह्याकडे, डोंगराकडे चढत होती.

समोरून एक होडी आली. तिच्यात टोपलीभर कालवं आणि एक बाई. वल्हं नुसतं धरलेलं.

"वरचा काय रं तू?" ती ओरडली.

"व्हय. पानी कधी सोडतील, मावशी?"

बाई इतकी हसली की होडी डुलली. "कोन सोरल? हितं कोनाच्या हातात चावी नाय. भरती हाय ही! आता दिस कलंपरत बस तिवराला धरून. नायतर चल माझ्यासंगती, पानीच नेल तुला घरी."

तिचं नाव पुतळी, हे पुढे कळलं. त्या क्षणी त्याला एवढंच कळलं, की हातपाय न हलवता घरी जाता येतं. पुढची बोटही राहते. त्यानं तिवराची फांदी धरली.

दिवस कलला. पाणी एकदा अगदी थबकलं, ना वर ना खाली. आयुष्यात पहिल्यांदा तोही तसाच बसून राहिला. मग फांदीला समुद्राकडची ओढ लागली. आता खाली गेलं तर रात्र तिकडेच, सकाळी कॅम्पवर पोचणं नाही. त्यानं सरांना फोन लावला. "उद्या सख्याला द्या पुढची बोट."

"हैबत, वेडा आहेस का? परत मागशील तर..."

"नाय मागनार."

मावळतीला खाडीचं तोंड उघडलं. पलीकडे काठच नव्हता. त्याला वाटलं होतं, इथं काहीतरी संपेल. पहिल्याच लाटेनं कयाक उलटी केली. जवळच्या होडीतल्या मच्छीमारांनी त्याला बखोटीला धरून वर ओढलं, तेव्हा तो खारं पाणी ओकत होता आणि मान वळवून मागे समुद्राकडे बघत होता.

बोट सख्याकडेच राहिली. हैबतराव आता सगळ्यांत मागच्या बोटीत असतो. हौसानं एकदा विचारलं, "झाला का जीव थंड?"

"नाय गो," तो म्हणाला, आणि ताटावरून उठला.