पगारे मेट्रन आणि पेन्सिलीचा रकाना

आम्ही हॉस्पिटलवाले रिटायर झाल्यावरही भेटलो की आधी एकमेकांची शुगर विचारतो आणि मग पगारे मेट्रनच्या गोष्टी निघतात. एक सांगून होईस्तोवर दुसऱ्याला दुसरी आठवते. चहा गार होतो, पण बाई संपत नाहीत.

मी नाशिकच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर क्लार्क होतो. काळ ऐंशीच्या दशकातला. आज माझी नात गे, लेस्बियन हे शब्द पोहे खाता खाता बोलते. आमच्या खिडकीवर तेव्हा अशा माणसांसाठी शब्दच नव्हते. होते ते सगळे शिवीतले, आणि मीही ते वापरायचो. खोटं कशाला सांगू?

*

पंचवटीतला एक टेलर अल्सरनं ॲडमिट झाला. त्याला घेऊन आलेला माणूस लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

तो म्हणाला, "चौदा वर्षं एका खोलीत राहतो आम्ही."

रांगेत कुणीतरी हसलं. मीही हसलो आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, 'शेजारी'. शेजाऱ्याला वॉर्डात थांबायचा पास मिळत नसे. तो माणूस दोन दिवस गेटबाहेर उभा होता.

तिसऱ्या दिवशी मेट्रन तो केसपेपर घेऊन खिडकीशी आल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "सोनवणे, एका खोलीत दोन शेजारी राहतात म्हणे. मधली भिंत कुठंय, ते मला दाखवून द्या."

*

मी चांगलाच हबकलो. पुढच्या खेपेला असेच दोघे पुरुष आले, तेव्हा मी उदार होऊन सरळ 'सख्खा भाऊ' लिहून टाकलं. पास लगेच मिळाला. मला वाटलं, आता मेट्रन खूश.

पेशंट तापात बरळत होता, म्हणून डॉक्टरांनी 'भावा'ला विचारलं, "वडिलांना शुगर होती का?"

तो बिचारा म्हणाला, "कुणाच्या वडिलांना साहेब? माझ्या की त्याच्या?"

मेट्रननी मला बोलावून घेतलं. "सोनवणे, आधी खरं खोडलंत, आता खोटं लिहिलंत. तोंडानं विचारायला काय होतं?" त्याच दिवशी त्यांनी केसपेपरवर पेन्सिलीनं एक नवा रकाना आखला, 'जवळ कोण हवं?' उत्तर पेशंटनं द्यायचं, क्लार्कनं हळू आवाजात विचारायचं आणि जसंच्या तसं लिहायचं. वरून परवानगी आली होती का, हे विचारायची आमची कुणाची छाती झाली नाही.

*

मग दर बुधवारी चादरींच्या खोलीत आमचा क्लास सुरू झाला. मेट्रन पेशंट व्हायच्या आणि आम्ही आमचीच कामं करून दाखवायची.

एका तरुण डॉक्टरांनी तिथं सांगितलं, की अशा मुलाचं लग्न लावून द्यावं, आपोआप ठीक होतो. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

मेट्रन चादरीची घडी घालत म्हणाल्या, "बरं. आणि त्या मुलीला कुठल्या वॉर्डात ॲडमिट करायचं?"

पुढच्या बुधवारी डॉक्टर वही घेऊन आले. तेव्हा आमच्या हिराबाई आया, पेठ तालुक्यातल्या, मागून म्हणाल्या, "वॉर्डात अशा दोघी येत्यात, एका ताटात जेवत्यात, एकमेकीचे केस इचरत्यात. मी आपली खाटेखाली दुसरी चादर टाकून देते. त्यात शिकायचं काय बाई?" मेट्रननी हिराबाईंना उठवून आमच्यासमोर बसवलं, शिकवायला.

*

आता ही गोष्ट मी नेहमी शेवटी सांगतो.

सरूबाई आणि कमलबाई विंचूरला कांद्याच्या खळ्यावर काम करायच्या. सरूबाईंच्या पोटात गाठ निघाली. त्या बऱ्या झाल्या हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला घोर नको. रकान्यात त्यांनी 'कमल' एवढंच सांगितलं, मी तेवढंच लिहिलं.

पण सर्जन रक्ताच्या माणसाशिवाय ऑपरेशनला तयार होईनात. मेट्रन म्हणाल्या, "पेशंट शुद्धीवर आहे. पोट तिचं, अंगठा तिचा." अंगठा चालला, तरी भाऊ हजर हवाच. म्हणून त्याला सटाण्याला तार गेली. सरूबाई कमलबाईंकडे राहायला गेल्यापासून भावानं त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं.

कमलबाई मेट्रनना म्हणाल्या, "तो मला हाकलून देईल, बाई. तिला तशीच उचलून नेईल."

"येऊ तर द्या," मेट्रन म्हणाल्या.

भाऊ आला, गावची तीन माणसं घेऊन. थिएटरबाहेरच्या बाकावर चौघं बसले. कमलबाई त्याच बाकाच्या पार टोकाला, अंग चोरून. मेट्रन आतून फक्त सिस्टरला पाठवत राहिल्या.

सिस्टरनं येऊन विचारलं, "पेशंटला कुठलं औषध सोसत नाही?" भावानं बरोबरच्या तिघांकडे पाहिलं. उत्तर कमलबाईंनी दिलं. "शेवटचं कधी खाल्लं?" तेही त्यांनीच सांगितलं. "कवळी काढली का?" कमलबाईंनी पदराची गाठ सोडली, तर त्यात कवळी होती, नथ होती, दोन बांगड्या होत्या.

दीड तासानं सर्जन बाहेर आले. "सरूबाईचं कोण आहे?"

चौघं पुरुष खाडकन उभे राहिले. कमलबाई उठल्या नाहीत. अशा वेळी आपण उठायचं नसतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मी भिंतीशी उभा होतो.

भावानं मागं वळून कमलबाईंकडे पाहिलं. मग तो खाली बसला. बरोबरच्या तिघांनाही त्यानं हातानं बसवलं.

"ऊठ बहिन," तो कमलबाईंना आपल्या अहिराणीत म्हणाला, "डॉक्टर तुले बलाई राह्यना."