सरजाबाईंची दगडी बँक

"नवं काई करू नका. जसं व्हतं तस्संच करा," सरजाबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या. इतका सोपा आणि इतका अवघड आदेश मला त्याआधी कोणी दिला नव्हता. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून परभणीत वर्षभर दुसऱ्याच्या हाताखाली साइट सांभाळली होती. स्वतःच्या नावावर मिळालेलं हे माझं पहिलं काम. साल १९८५.

गंगाखेडच्या बाजारपेठेत तेव्हा चार मजल्यांची ही एकच इमारत होती. काळ्या दगडाची, वर जाताना निमुळती होत गेलेली. लांबून येणारी एसटी गावात शिरायच्या आधी हिचं टोक दिसायचं. निजामाच्या राज्यात एका व्यापाऱ्याने ती बांधली आणि पुढे गावातल्या व्यापाऱ्यांच्या बँकेला दिली. लोक तिला दगडी बँक म्हणत. बँक नव्या सिमेंटच्या इमारतीत गेली तेव्हापासून इथे कबुतरं राहत होती. व्यापाऱ्याचे वारस हैदराबादला. त्यांच्याकडून सरजाबाई आणि त्यांचा खडी केंद्र चालवणारा भाऊ बन्सीधर यांनी मिळून ती विकत घेतली. बाजूला दोन दुकानं, तळमजल्यावर लॉजचं ऑफिस आणि जेवणघर, मधल्या दोन मजल्यांवर उतारूंच्या खोल्या, आणि सगळ्यात वर मास्तर-कारकून लोकांना भाड्याने दोन बिऱ्हाडं असा बेत होता.

लॉजची गावाला गरजच होती. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि अस्थी सोडायला, दहावा करायला लोक लांबून लांबून गंगाखेडला येतात. ही सगळी सुतकातली माणसं. त्यांना ओळखीच्या घरातसुद्धा ओसरीच्या आत घेत नाहीत. घाटावरच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर मिळाली. सरजाबाईंची घाटाजवळ खानावळ होती, तीही अशाच लोकांसाठी. कोणाला किती भूक लागते, कोण नुसतं ताटाकडे बघत बसतं, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. आता त्यांना झोपायलाही जागा द्यायची, असं त्या सांगत.

मी नकाशा काढून नेला. मॅनेजरसाहेबाची मोठी केबिन होती, तिच्या जागी दोन खोल्या आणि मध्ये न्हाणीघर दाखवलं होतं. सरजाबाईंना नकाशा वाचता येत नव्हता, पण बोट बरोबर तिथे ठेवून त्या म्हणाल्या, "हितं काय करायलाव?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. केबिन तशीच राहील. तिची हिरव्या काचेची झुलती दारं तशीच राहतील. काउंटर सागवानी होता, त्याला पितळी जाळी होती, तो पुन्हा त्याच जागी बसेल. जिन्याखालची बिनखिडकीची खोली बुजवायची नाही. बाहेरच्या पाच पायऱ्यांपैकी एकही दगड बदलायचा नाही, फुटलेला असला तरी.

मी हरखून गेलो. जुन्या वास्तूची इतकी कदर असलेलं गिऱ्हाईक कुणाला मिळतं? चुन्याची घाणी उभी केली, बैल जुंपला, सिमेंटला हात लावला नाही. मधे नामांतराच्या मोर्च्यांमुळे बाजार बंद असे, मजूर येत नसत, तेव्हा मी एकटाच बसून काचांचे तुकडे जुळवायचो. भिंतीचा रंग कोणता होता यावर सरजाबाईंनी तीन वेळा भिंत पुसायला लावली. चौथ्यांदा समोर उभ्या राहिल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हां. ह्योच." तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, या बाईला रडू येणार. आलं नाही.

त्यांचे यजमान मुंजाजी याच बँकेत चपराशी होते. आता पाठीत वाकलेले, कोणालाही बघून अर्धवट उठून उभे राहणारे. ते दिवसभर कामावर येऊन बसायचे आणि मजुरांना चहा आणून द्यायचे. मुलगी हेमा हिशेबी, तोंडाने फटकळ. दोन ठिकाणी लग्न ठरून मोडलं होतं. ती स्वतःच त्याची थट्टा करायची. "बँकेत जन्मले मी. तरी खात्यात काई न्हाई," म्हणायची.

काउंटर बसवला त्या दिवशी मी हेमाजवळ तिच्या आईचं कौतुक करत होतो. जुनं जपणारी माणसं आता कुठे राहिलीत वगैरे. ती हसली.

"आईला जुनं आवडतं? घरातली परात ती दर दिवाळीला बदलते."

मग तिने जे सांगितलं ते असं. १९६१ सालच्या दिवाळीआधी हेमा जन्मली, त्या जिन्याखालच्या खोलीत. मुंजाजींना राहायला तीच खोली दिलेली होती. पाचव्या दिवशी सटवाई पुजायची असते. ती रात्री येऊन लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून जन्मल्या जागी दिवा लावून ठेवतात. पण तो पाचवा दिवस नेमका लक्ष्मीपूजनाचा निघाला. बँकेत मोठी पूजा असायची, गावचे सगळे व्यापारी यायचे. मॅनेजर गोविंदराव नेमके आणि सोवळ्याचे. हॉलमध्ये बाळंतशोपा आणि ओव्याच्या धुरीचा वास आला तसा त्यांनी निरोप पाठवला, की सोयर आहे, इथे लक्ष्मी आहे, दहा दिवस बाळंतिणीला बाहेर ठेवा. संध्याकाळी डोक्याला फडकं बांधून, पोर पदराखाली घेऊन सरजाबाई बाहेर पायरीवर येऊन बसल्या. बैलगाडी यायला उशीर झाला. पूजेला येणारे व्यापारी, त्यांच्या नटलेल्या बायका सरजाबाईंना चुकवून, लुगडी सावरत वर गेल्या. सोयर मुंजाजींनाही होतं, पण कामाला माणूस हवा म्हणून ते आत तबक घेऊन पेढे वाटत होते.

रात्र त्यांनी घाटावरच्या धर्मशाळेत सुतकवाल्यांमध्ये काढली. सटवाईचा दिवा तिथे लागला, प्रेताच्या राखेच्या गाडग्यांशेजारी. पुढे खानावळीचा विचार त्यांना तिथेच सुचला. पण त्यांच्या मनातलं ते एक काही गेलं नाही. हेमाचं लग्न मोडलं की त्या म्हणायच्या, माझ्या लेकीच्या कपाळावर काईच लिवलं गेलं न्हाई.

"मग आता?" मी विचारलं.

"आता ती वाट बघायलीय," हेमा म्हणाली.

मी हे सरजाबाईंना विचारलं नसतं, पण त्यांनीच एकदा बोलताना सांगून टाकलं. गोविंदराव परभणीला राहतात, निवृत्त झालेत, तब्येत ठीक आहे, बायको मात्र आजारी असते, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. आवाज अगदी शांत होता.

"येईल की. कोणाच्या घरात मयत व्हत न्हाई? गंगेवर आल्याबिगर जाईल कुठं?"

मला वाटलं, हे बोलण्यापुरतं असेल.

लॉज सुरू झाला आणि चांगला चालला. केबिनमध्ये खाट टाकून तिची एक नंबरची खोली केली होती, पण ती कधी कोणाला दिली नाही. लॉज भरून लोक जिन्यावर झोपले तरी एक नंबर कुलपात. बन्सीधर यावरून चिडायचे. सरजाबाई ऐकून घ्यायच्या आणि विषय बदलायच्या.

१९८७च्या हिवाळ्यात वरच्या गच्चीला ओल आली म्हणून मी गेलो होतो. बाजारचा दिवस होता. दुपारी एका टांग्यातून एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांचा मुलगा उतरले. मुलाने वडिलांना पायऱ्यांवर सोडलं आणि गुरुजी ठरवायला तो तसाच घाटाकडे गेला. वृद्ध हळूहळू वर चढले. खांद्याला पिशवी, अंगावर कोरं पंचा-उपरणं.

मुंजाजी खाडकन उठले आणि त्यांनी सलाम केला. "साहेब, या."

गोविंदरावांनी डोळे बारीक करून बघितलं. ओळख पटली तसे ते मोकळे झाले. त्यांनी मुंजाजींच्या खांद्यावर हात ठेवला, पत्नी गेल्याचं सांगितलं, आणि मग त्यांची नजर काउंटरवर, पितळी जाळीवर, हिरव्या काचांवर गेली. डोळे भरून आले. कोणी ठेवलं हे सगळं इतकं जसंच्या तसं, असं त्यांनी विचारलं. मुंजाजींनी अभिमानाने बायकोकडे बोट दाखवलं.

सरजाबाईंनी कमरेची किल्ली काढली आणि एक नंबरचं कुलूप उघडलं. पाणी दिलं, चहा पाठवला, खाटेवर धुतलेली चादर घातली. मला हायसं वाटलं. हेमा मात्र काउंटरमागे उभी राहून आईवरून नजर हलवत नव्हती. गोविंदराव पाय धुऊन आडवे झाले. त्यांचा डोळा लागला असेल-नसेल, सरजाबाई आत गेल्या.

"साहेब, उठा. भाईर बसा."

ते गोंधळून उठून बसले. काही कमी-जास्त झालं का, भाडं आधी द्यायचं असतं का, असं विचारू लागले.

"सुतक हाय तुमाला. हितं लक्ष्मी हाय."

"अहो बाई, हा लॉज सुतकवाल्यांसाठीच आहे ना?"

"दुसऱ्यांसाठी हाय."

सरजाबाईंनी स्वतः चादर गोळा केली, पिशवी उचलली, आणि दोन्ही बाहेर पायरीवर नेऊन ठेवलं. गोविंदराव मागोमाग आले, कारण पिशवीत अस्थी होत्या. ते पायरीवर बसले. समोर भाजीवाल्या, कांद्याच्या गाड्या, बाजाराला आलेली खेड्यापाड्यातली माणसं. लोक थांबू लागले. सरजाबाई सगळ्यात वरच्या पायरीवर उभ्या होत्या.

"पाचव्या दिसाची बाळंतीण व्हते मी. हितंच बसवलं तुमी मला."

गोविंदराव आठवू लागले. खरोखर आठवत होते, ते दिसत होतं. मग त्यांना काहीतरी सापडलं.

"पूजेनंतर मी मुंजाजीला दहा दिवसांची रजा दिली होती. भरपगारी." त्यांनी साक्षीसाठी मुंजाजींकडे बघितलं.

"दिली व्हती, साहेब," मुंजाजी म्हणाले.

सरजाबाई नवऱ्याकडे वळल्या. आवाज जराही चढला नाही. "तुमी आत व्हा. पेढे वाटा."

मुंजाजी आत गेले नाहीत. जिथे होते तिथेच उभे राहिले, हात पोटावर बांधून.

एक भाजीवाली पुढे आली. मयताच्या माणसाला असं करू नये बाई, म्हणाली. सरजाबाई म्हणाल्या, "मंग तुज्या घरी ने." ती आपल्या भाजीकडे परतली. गर्दीकडे बघत सरजाबाईंनी तेच पुन्हा विचारलं, कोण नेतं? दुकानाच्या फळीवर बसलेले ओळखीचे दुकानदार होते, गावची मानाची माणसं होती. कोणी हललं नाही. मी हललो नाही. त्यांना न्यायला गावात माझं घर नव्हतं, पण चार शब्द तरी बोलू शकलो असतो.

हेमा पाण्याचा तांब्या घेऊन खाली उतरली. आईने अडवलं नाही. "ती मीच," तिने म्हाताऱ्याला सांगितलं.

गोविंदरावांनी हात जोडले. "मला काहीच आठवत नाही गं, बाळा."

"मला तरी कुठं आठवतंय," हेमा म्हणाली, आणि तांब्या त्यांच्या हातात दिला.

मुलगा परत आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्याने आरडाओरडा केला, पोलिसात जातो म्हणाला. वडील फक्त चल म्हणत राहिले. टांगा बोलावून ते धर्मशाळेकडे निघाले. मुंजाजींनी पिशवी दोन्ही हातांनी धरून टांग्यापर्यंत नेली आणि टांगा हलल्यावर पुन्हा सलाम केला. सरजाबाईंनी ते बघितलं. मग त्या आत गेल्या आणि जेवायला बसल्या. भाकरी, पिठलं, वर कांदा फोडून. मी माणसाला इतक्या चवीने जेवताना क्वचित बघितलंय.

गावात खूप दिवस यावर बोलणं चाललं. अर्धे म्हणायचे बाईने बरोबर केलं, अर्धे म्हणायचे पाप लागेल. लॉजमधली गर्दी मात्र कमी झाली नाही, सुतकवाल्यांना दुसरी जागा नव्हती.

आठवड्याच्या आत मला बोलावणं आलं. सरजाबाई केबिनच्या दारात उभ्या होत्या. ही खोली पाडायची, तुमच्या पहिल्या कागदावर होतं तसं करायचं, दोन खोल्या आणि मध्ये न्हाणी, असं त्यांनी सांगितलं. काउंटरही काढायचा, जागा लय खातो. मी वाद घातला. हा सागवान आता मिळणार नाही, या काचा जुळवायला मला चार महिने लागले, अशी इमारत जिल्ह्यात दुसरी नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मी शेवटी विचारलंच. "बरं वाटलं का, सरजाबाई?"

"लय बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "तीन-चार दिस लय बरं वाटलं."

"मग?"

"मंग काय. हे माझ्याशी बोलनात. जेवतेत, उठून जातेत. अन् खोल्या कमी पडायल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवंड्यांना घेऊन गेलो. हिरव्या काचा निदान धड निघाव्यात म्हणून मी स्वतः एकेक पट्टी पटाशीने सैल करत होतो. सरजाबाई थोडा वेळ मागे उभ्या राहून बघत होत्या.

"सावकाश कशाला काढायलाव?" त्या म्हणाल्या. "फोडा की."