धाकटीचं पार्लमेंटमधलं पहिलं भाषण

माझी धाकटी बहीण कॅनडात खासदार म्हणून निवडून आली, तेव्हा आई माझ्याकडे आयर्लंडमध्ये, किलकेनीला आलेली होती. मी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. निकाल कळल्यावर आईने देवापुढे साखर ठेवली, पण नागपूरला कुणालाच फोन लावला नाही. लावला असता तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

धाकटी शिकलेली फिजिओथेरपिस्ट. लग्न होऊन कॅनडाला गेली, तर तिथे तिची पदवी चालेना. परत परीक्षा देईपर्यंत म्हणून ती एका वृद्धाश्रमात लागली. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायची. आईने नातेवाइकांना ‘हॉस्पिटलात असते’ एवढंच सांगितलं होतं. परीक्षा राहूनच गेल्या, धाकटी तिथेच रमली. सोबतच्या बायकांच्या पगारासाठी आणि ड्यूट्यांसाठी भांडता भांडता आधी नगरपालिकेत गेली, एकदा पार्लमेंटची निवडणूक हरली, आणि मग ही जिंकली.

तिच्या पहिल्या भाषणाला आई, मी आणि माझी मुलगी लॅपटॉपसमोर बसलो. धाकटी मागच्या रांगेत निळी साडी नेसून उभी होती. आईला ती वाळलेली वाटली. “शी लुक्स ग्रँड, आजी,” मुलगी म्हणाली.

वृद्धांची सेवा करणाऱ्यांना नीट पगार मिळावा, अशा एका विधेयकावर ती बोलत होती. मी आईला मराठीत सांगत होते. मग धाकटीने एका आजींची गोष्ट काढली. त्या पोटच्या मुलांची नावं विसरल्या होत्या, पण केस विंचरताना हिचा हात धरून ठेवायच्या. मी सांगायची थांबले.

“थांबू नको,” आई म्हणाली. “सांग मले.”

“ती म्हणतेय, या परक्या देशात मला पहिल्यांदा जवळ घेतलं ते त्यांनी.”

सभागृहात टाळ्या वाजल्या.

थोड्या वेळाने धाकटीचाच फोन आला. आई आता कौतुक करील असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, “त्या बाईचे केस लांब होते का वो?”

“हो आई. पांढरेशुभ्र. तेल लावलं की झोपून जायच्या.”

“मले काहून नाही सांगितलं कधी?”

“तू विचारलं नाहीस ना,” धाकटी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

“आता विचारतो,” आई म्हणाली.

आणि खरंच विचारत बसली. माझा कुकर झाला, पोळ्या झाल्या, मुलगी जेवून उठली, तरी दोघींचं चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी आईने काकूला नागपूरला फोन लावला. आधी वृद्धाश्रमाचं सांगितलं, अगदी अंघोळी घालण्यासकट. पार्लमेंटचं नंतर.

धाकटी आता आरोग्याच्या समितीवर आहे. रविवारी फोन करते तेव्हा दमलेली असते. समितीत कोण काय म्हणालं ते आई तिला खोदून खोदून विचारते, आणि मधेच जेवलीस का तेही.