अर्धी वेल, अर्धे पक्षी

नव्वदच्या दशकात बहारीनला आमच्या मुलीच्या बारशासाठी मी तिथल्या नईम मोहल्ल्यातल्या, मूळ रत्नागिरीच्या एका सुताराला पाळणा सांगितला. त्यांना सगळे चाचा म्हणत. नाव मी कधी विचारलंच नाही. कोरून झालं की ते डोळे मिटून लाकडाला गाल लावत. जरा टोचलं की पुन्हा पटाशी.

नक्षीसाठी मी जुन्या विलायती चित्राची झेरॉक्स दिली होती. शेकडो वर्षांपूर्वी कुणी ते कारागिरांसाठीच तांब्यावर कोरून छापलं होतं. डावीकडे द्राक्षवेल, उजवीकडे पक्षी.

बारशाच्या सकाळी चाचांनी आणलेला पाळणा पाहून मी कपाळावर हात मारला. त्यावरही अर्धी वेल, अर्धे पक्षी!

"अहो चाचा, ते दोन नमुने होते. एक निवडून दोन्हीकडे कोरायचा."

"म्हंजे निवड आपल्यावर सोडलेली?"

"हो."

ते गडगडून हसले. "मग मी दोन्ही निवडले. खलास!"

घरी आठवडाभर नावावरून वाद चालला होता. मला एक हवं, बायकोला दुसरं. संध्याकाळी आत्या म्हणून उभी राहिलेली शेजारीण पाळण्यावर वाकली आणि म्हणाली, "दादा, कुठलं सांगू कानात?"

मी पक्ष्यांकडे पाहिलं, वेलीकडे पाहिलं.

"दोन्ही सांगा. खलास!"